भंडारदऱ्याचे वाटाडे

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. आणि ज्या जिल्ह्याची ओळख उर्वरित महाराष्ट्राला पाथर्डीच्या ऊसतोड कामगारांवरून, जामखेडच्या कोरड्या विहिरींवरून आणि टंचाईच्या साली कचेऱ्यांतून फिरणाऱ्या आणेवारीच्या आकड्यांवरून झालेली आहे, त्या जिल्ह्यातील होड्या, होडीवाले आणि पाणकाठचे आतिथ्य या विषयावर लेख लिहावयास घेणे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झालेला हा जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्याचे पश्चिम टोक थेट सह्याद्रीच्या कण्याला जाऊन टेकते, आणि तेथे, अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीसारख्या गावांत वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. खुद्द नगर शहराच्या वाट्याला येणारा पाऊस त्याच्या आठव्या हिश्शाइतका भरेल न भरेल. हे सारे पाणी जेथे अडते तो भंडारदऱ्याचा जलाशय, आणि त्या जलाशयाच्या काठाने राहून परक्या माणसाला आपला डोंगर दाखविणारी माणसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रवरा नदीवरील या धरणाचे काम इंग्रजी अमदानीत १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ते समारंभपूर्वक खुले झाले. धरणाला विल्सनसाहेबांचे नाव मिळाले आणि जलाशय आर्थर लेक या नावाने नकाशावर चढला. सुमारे अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी साठविणाऱ्या या दगडी बांधाने संगमनेर, राहुरी आणि श्रीरामपूरकडचा सखल मुलूख बागाईत केला, तेथे ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर लोणीला सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ रोवली गेली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. मात्र ज्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या भातखाचरांवर हे पाणी चढले, त्यांच्या वाट्याला उरली ती उतारावरची वरकस जमीन, पावसाळ्यातले भाताचे एकच पीक, जंगलातला हिरडा, आणि दिवाळीनंतर नारायणगाव-ओतूरच्या बाजूला मजुरीसाठी धरावयाची वाट. इंग्रजांविरुद्ध बंड उभारून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला राघोजी भांगरे याच मुलखातल्या देवगावचा. त्याच्या पश्चात या डोंगराने पुन्हा फारसे काही मागितले नाही, आणि न मागणाऱ्याला सरकारदरबारी काही मिळत नाही, हा दस्तूर जुनाच आहे. भिंतीखालच्यांना पाणी मिळाले आणि भिंतीवरच्यांना पाण्याचे दर्शन! त्या दर्शनालाही काही मोल असते, हे ध्यानात येण्यास पाऊणशे वर्षे जावी लागली.

आता ते मोल आलेले आहे. मुंबईकडील मंडळी इगतपुरी-घोटीवरून बारी गाव मागे टाकीत येतात, नगरकडील संगमनेर-अकोले-राजूर या मार्गाने, आणि राजुरास पेढ्यांचा पुडा बांधून घेतल्याखेरीज सहसा पुढे सरकत नाहीत. दोन्ही वाटा धरणाच्या पायथ्याशी शेंडी या गावात मिळतात. शेंडीच्या नाक्यावर गाडीचा वेग कमी झाला की काचेपाशी कोणीतरी येऊन उभा राहतो, आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठून आलात?’ हा असतो. दुसरा प्रश्न जेवणाविषयीचा. होडी, तंबू, रतनगड किल्ला, सांदण दरी यांची गोष्ट त्यानंतर निघते. मी या क्रमाला महत्त्व देतो, कारण याच जिल्ह्यातील इतर दोन प्रख्यात ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, आणि तो तसा का असतो याचा विचार केल्याशिवाय भंडारदऱ्याच्या माणसांचे वेगळेपण कळावयाचे नाही.

शिर्डीला जाणाऱ्या भाविकाला पॉलिशवाला ठाऊक असतो. गाडी थांबण्यापूर्वीच तो दाराला हात घालतो, लवकर दर्शनाचे आमिष दाखवितो, ठराविक दुकानाशी नेऊन हार-प्रसादाचे ताट हातात देतो आणि त्या ताटाच्या किमतीत त्याचा हिस्सा आधीच धरलेला असतो. शनिशिंगणापूरच्या वाटेवर अशाच मंडळींना लोक लटकू म्हणतात. तेल, काळी बाहुली आणि रुईच्या पानांची माळ हे त्यांचे भांडवल. वर्तमानपत्रांतून यांच्या उपद्रवाच्या बातम्या येतात, पोलीस अधूनमधून बंदोबस्त करतात, आणि चार दिवसांनी पुन्हा पूर्वीचे सुरू होते. ही माणसे जन्मतः लबाड असतात आणि डोंगरातली माणसे जन्मतः भोळी, असे जे एक सोयीस्कर मत शहरी पांढरपेशांत प्रचलित आहे ते मला मुळीच मान्य नाही. शिर्डीचा भाविक हजार मैलांवरून येतो, दर्शन घेतो आणि त्याच रात्री परत फिरतो. तो पुन्हा याच पॉलिशवाल्याला गाठ पडण्याचा संभव जवळजवळ शून्य. एकाच भेटीत जे पदरात पडेल ते पाडून घ्यावयाचे, असा जेथे व्यवहाराचा साचाच ठरलेला आहे, तेथे एखादा संत जरी नाक्यावर उभा केला तरी चार महिन्यांत तो गाडीच्या दाराला हात घालू लागेल.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. त्र्यंबकेश्वराचे क्षेत्रोपाध्ये आपल्या यजमानांच्या वंशावळी वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवीत आले; पणजोबा कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, हे त्या वहीत सापडते. यात्रेकरूला उतरावयास जागा, जेवण, पूजेची सिद्धता आणि परतीच्या वाटेची व्यवस्था हे सारे उपाध्येबुवांच्या ओटीवर होत असे, आणि दक्षिणेविषयी कुरबूर झाली तरी नाते तुटत नसे, कारण पुढच्या पिढीलाही याच दारी यावयाचे आहे हे उभयतांना ठाऊक असे. आजच्या भाषेत ज्याला सहल-संयोजक म्हणतात, त्याचा हा आपला देशी पूर्वज होय. त्याची गोडी धर्मबुद्धीतून किती आणि वहीतून किती, याचा हिशेब मांडणे कठीण; पण वही नसती तर गोडी टिकली नसती, एवढे निश्चित.

भंडारदऱ्याच्या वाटाड्याजवळ अशी वही नाही, मोबाइल आहे. आणि त्यात नावे मोठ्या मौजेने नोंदलेली असतात — ‘पुणे काजवा’, ‘ठाणे डॉक्टर’, ‘नाशिक रतनगड’ अशी. येथे येणारा पाहुणा सहसा एक रात्र तरी मुक्काम करतो, त्याच घरी दोनदा जेवतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काजवे पाहून गेलेला पावसाळ्यात धबधब्यांसाठी, पावसाळ्यात आलेला हिवाळ्यात गड चढण्यासाठी परत येतो. नवा पाहुणा येतो तोही बहुधा जुन्याने दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करूनच. सांगण्याचा मुद्दा हा की, वाटाड्याचा मनमिळाऊपणा हा त्याच्या उदरनिर्वाहाचा भाग आहे, आणि तसा तो असण्यात काही कमीपणा नाही. वैद्य रोग्याशी गोड बोलतो तेव्हा आपण त्याच्या हेतूची झडती घेत नाही; मग रतनवाडीच्या होडीवाल्याने ‘मामा’ म्हणवून घेतल्यावर तो मनापासून हसला की धंद्यासाठी, हा प्रश्न आपल्यालाच का पडावा?

होडीवाल्याचा हा पेशा काजव्यांच्या गर्दीहून पुष्कळ जुना आहे. रतनवाडीपर्यंत जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता धड नव्हता, त्या काळात रतनगडावर जाणारे गिर्यारोहक शेंडीच्या बाजूने लाँचमध्ये बसत आणि पाण्यावरूनच गडाच्या पायथ्याशी पोचत. उजव्या हाताला कळसूबाईची रांग, समोर रतनगडाचे नेढे आकाशात उघडलेले, आणि पैलतीरी उतरल्यावर थोड्याच चालीवर अमृतेश्वराचे काळ्या पाषाणाचे शिल्पसमृद्ध मंदिर व त्याची देखणी पुष्करिणी, असा तो प्रवास. रस्ता झाल्यावर होडीची निकड संपली, तरी होडी राहिली. कारण पाण्यावरून डोंगर जसे दिसतात तसे ते गाडीच्या काचेतून दिसत नाहीत, आणि गाडीत डोंगराची नावे सांगणारे कोणी नसते. वल्हवणारा माणूस कोठला कडा कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या घळीतून पूर्वी लोक कोकणात उतरत, कोठल्या वाडीची शिवारे आता पाण्याखाली आहेत, हे न विचारता सांगत जातो. पाणी ओसरू लागले की जलाशयाच्या कडेने गवताळ, मऊ उताराची मोकळी पट्टी बाहेर येते. हिवाळ्यात तंबू लागतात ते याच पट्टीवर. समुद्रकिनाऱ्याची वाळू नाही, नारळी नाहीत, पण पहाटे धुक्यात पाणी आणि काठ यांची सीमा पुसली जाते तेव्हा त्यांची उणीव कोणाला भासत असेल असे वाटत नाही.

अर्थात या मुलखाची खरी कीर्ती झाली ती काजव्यांमुळे. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा, वळवाचा पाऊस होऊन हवा दमट झालेली आणि मृगाची झड अद्याप लागलेली नाही, असे ते मोजके दिवस. तेवढ्यात मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांच्या आसपासची हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, उंबर अशी झाडे रात्री पेटून उठतात. पेटतात असे म्हणावे तर उष्णता नाही. काजव्याच्या उदरात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते, त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन जी ऊर्जा बाहेर पडते ती जवळजवळ सर्वच प्रकाशाच्या रूपाने पडते, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ त्यास शीत प्रकाश म्हणतात. हा सारा खटाटोप विवाहाचा आहे. नर उडता उडता आपल्या जातीची ठराविक लय धरून लुकलुकतो, मादी पानावर अथवा गवतात बसून त्या लयीला उत्तर देते, आणि उत्तर जुळले तर भेट होते. एका झाडावर हजारो नर जमले की त्यांच्या लयी एकमेकींत मिसळतात, आणि उजेडाची एक लाट बुंध्याकडून शेंड्याकडे चढत गेल्याचा भास होतो. हे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचेच. त्यापूर्वीचे अनेक महिने काजव्याने अळीच्या रूपात दमट मातीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगायी खात काढलेले असतात.

एवढे शास्त्र पुस्तकात वाचावयास मिळते. मुतखेलच्या पुढे एका रात्री आमच्या बरोबर जो वाटाड्या होता, त्याने ल्युसिफेरिनचे नाव ऐकलेले नव्हते. पण तो गाडी रस्त्यावरच थांबवावयास लावी, पुढे पायवाटेने एका ओळीत चालवी, आणि हातातील बॅटरी तळव्याने झाकून बोटांच्या फटीतून पावलापुरता उजेड पाडी. आमच्यातील एका तरुणाने छायाचित्रासाठी मोबाइलचा दिवा लावला, तेव्हा तो आवाज न चढविता म्हणाला, “दादा, उजेड बंद करा. तुमचा दिसला का ह्यांचा जातो.” खरोखरच समोरचे झाड काळे पडलेले होते. मग आम्ही सर्व मुकाट उभे राहिलो; काही वेळाने डावीकडच्या फांदीवर एक ठिणगी उमटली, तिला पलीकडून दुसरी मिळाली, आणि बघता बघता ते झाड पूर्ववत नांदू लागले. इतक्यात मागून एक गाडी आली, दिवे प्रखर, खिडक्या उघड्या, आत गाणे लावलेले. वाटाड्या जाऊन तिच्या पुढ्यात उभा राहिला. गाडीतील गृहस्थांनी आपण पैसे मोजून आत आलो असल्याचे सांगितले, आणि ते खोटे नव्हते, कारण अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. शिवाय वाट दाखविण्यासाठी त्यांनी याच वाटाड्याच्या भावाला आगाऊ रक्कम दिलेली निघाली. तेव्हा त्याने खिशातून नोटा काढल्या, त्या खिडकीतून पुढे केल्या आणि म्हणाला, “हे घ्या साहेब, परत. पण गाणं बंद झाल्याबिगर गाडी पुढं नाही जायची.” नोटा कोणी घेतल्या नाहीत. गाणे बंद झाले.

त्या प्रसंगापासून माझे असे मत बनले आहे की, पर्यटनस्थळाचा खरा रखवालदार कोण, या प्रश्नाचे उत्तर फलकांत आणि परिपत्रकांत शोधण्यात अर्थ नाही. हा सारा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वन विभागाच्या चौक्या आहेत, काजव्यांच्या हंगामात रात्रीच्या प्रवेशाला वेळेची मर्यादा घातली जाते, मद्य आणि ध्वनिक्षेपक यांना मनाई असल्याचे हुकूम निघतात. हे सर्व आवश्यक आहे. परंतु शनिवारच्या रात्री शेकडो गाड्या चढू लागल्या म्हणजे चार वनरक्षक कोठे कोठे पुरणार? झाडाखालची माती तुडविली गेली तर पुढील वर्षाची अळी मरते, आणि अळी मेली तर पुढील वर्षाचा पाहुणा येत नाही, हा कार्यकारणभाव ज्याच्या चुलीशी निगडित आहे, तोच माणूस मध्यरात्री रस्त्यात उभा राहण्याची तसदी घेतो. फक्त त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. आणि ज्याच्या घरी उद्याचे धान्य आहे त्यालाच ते म्हणता येते, हे विसरून चालणार नाही.

सातासमुद्रापलीकडे, आपल्याला बहुतांशी क्रिकेटमुळे माहीत असलेल्या कॅरिबियन बेटांवर, हीच कथा पाण्यात घडलेली आहे. ग्रँड केमन बेटाच्या उत्तरेकडील उथळ खाडीत मासेमारी करून परतणारे कोळी शांत पाण्यात नावा थांबवून मासळी साफ करीत आणि टाकाऊ भाग तेथेच फेकीत. त्या आमिषाने पाकटांचे थवे त्या वाळूच्या उंचवट्याभोवती जमू लागले, माणसांना सरावले, आणि १९८० नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी त्यांचा बोभाटा केल्यावर तेच कोळी प्रवाशांना कमरेइतक्या पाण्यात उतरवून पाकटांना हात लावू देऊ लागले. मूळचा रात्री संचार करणारा तो प्राणी प्रवाशांच्या खाऊपायी दिवसा जागू लागला असल्याचे संशोधकांना आढळले, आणि आता नावांवर, माणसांच्या संख्येवर व चाऱ्यावर तेथील सरकारला नियम घालावे लागले आहेत. प्वेर्तो रिकोच्या अखत्यारीतील व्हिएकेस बेटावर तर काजव्यांचाच जलावतार पाहावयास मिळतो. मॉस्किटो बे नावाच्या तेथील उपसागरात सूक्ष्म सागरी जीव इतक्या दाटीने राहतात की रात्री वल्हे पाण्यात बुडताच निळसर प्रकाश उसळतो. लोकांच्या अंगावरील तेले आणि औषधे यांनी ते जीव मरू नयेत म्हणून तेथे पोहण्यास मनाई केलेली आहे, आणि प्रवाशांना लहान नावांतून नेणारे स्थानिक वाटाडेच ती मनाई दर रात्री नव्या माणसांना समजावून सांगत असतात. मोठाल्या जहाजांतून काही घटकांपुरते उतरणारे हजारो प्रवासी आणि किनाऱ्यावरील घरी चार दिवस राहणारा एखादा पाहुणा, यांतला भेदही त्या बेटांना पुरता ठाऊक आहे. पहिल्यांच्या वाट्याला शिर्डीचा नाका येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला रतनवाडी, असे म्हटल्यास भूगोलाचा फारसा अपराध होणार नाही.

पैशाविषयी बोलणे आपल्याकडे अशिष्ट मानतात, आणि मग निघताना बोलणे होते ते कडू होते. तंबूत राहणे, दोन वेळचे जेवण, सकाळचे पोहे-चहा आणि वाट दाखविणे, यांचा माणशी दर आता बहुतेक वाड्यांतून ठरलेला असतो व तो दूरध्वनीवरच विचारून घ्यावा. तो देताना घासाघीस करणारे लोक महामार्गावरील उपाहारगृहात दुप्पट रक्कम मुकाट मोजतात, ही मौज मी अनेकदा पाहिलेली आहे. यापेक्षा मोठा घोटाळा मध्यस्थांचा. मुंबई-पुण्याकडची मंडळी आकर्षक जाहिरात करून पन्नास-पन्नास माणसांचे जथे आणतात, तंबू गावातल्याचे, भाकरी गावातली, वाटही गावातल्याच्या पायाखालची, आणि रकमेतला मोठा हिस्सा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. वरती जथ्याला घाई असते, त्यामुळे ओळख होत नाही. आणि ओळख झाली नाही म्हणजे पाहुणा कचरा टाकून जातो व गावकरी त्याला गिऱ्हाईक समजू लागतो. डोंगरातही शिर्डी करावयाची असेल तर याहून सुलभ उपाय नाही.

या व्यवहारात जिचे नाव फारसे कोणी घेत नाही ती म्हणजे घरातली बाई. वाटाड्या पाहुण्यांबरोबर फिरतो, छायाचित्रांत येतो, त्याचा क्रमांक लोक एकमेकांना देतात. परंतु पाहुणे परत येतात ते पुष्कळदा तांदळाच्या अथवा नागलीच्या भाकरीसाठी, पिठल्यासाठी, पाट्यावर वाटलेल्या ठेच्यासाठी आणि गावठी कोंबडीच्या रश्शासाठी. वीस माणसांच्या भाकऱ्या चुलीवर थापावयाच्या म्हणजे दुपारी चारला बसावे लागते, आणि रात्री अकराला भांडी घासून झाली तरी पहाटे चहाचे आधण तिलाच ठेवावयाचे असते. याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा देशी बियाणे जतन केल्याबद्दल पद्मश्री देऊन गौरव झाला, तेव्हापासून निदान एवढे तरी झाले आहे की काळभातासारख्या जुन्या वाणांची नावे पाहुण्यांच्या कानावर असतात आणि जेवणानंतर ‘मावशी, हा तांदूळ विकत मिळेल का?’ अशी पृच्छा होते. मिळत असेल तर अवश्य घ्यावा. त्याचे पैसे सरळ मावशींच्या हाती द्यावेत.

वाटाड्याच्या ज्ञानाची खरी कसोटी मात्र सांदण दरीत लागते. साम्रद गावापाशी जमीन एकाएकी दुभंगते आणि दोन्ही बाजूंना उभे कातळ ठेवून ती चीर कोकणाच्या दिशेने उतरत जाते. काही ठिकाणी रुंदी इतकी अल्प की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत, आणि ऊन तळाशी पोचते ते मध्यान्हीच्या सुमारास, तेही थोडा वेळ. सुरुवातीलाच थंडगार पाण्याचे डोह ओलांडावे लागतात. पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत जावे लागते, आणि ज्यांना शहापूर तालुक्यातील डेहण्यापर्यंत खाली जावयाचे आहे त्यांना दोराशिवाय गत्यंतर नाही. तेथून करोली घाटाने पुन्हा वर साम्रदला येता येते. सांदणविषयी ‘आशियात अमुक क्रमांकाची खोल’ अशी जी बिरुदे फलकांवर रंगविलेली असतात, त्यांना काही आधार असल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि त्या दरीला त्यांची गरजही नाही. पावसाळ्यात ही चीर म्हणजे पाण्याचा पाट असतो. त्या दिवसांत, किंवा अवकाळी ढग दिसले असता, साम्रदचा वाटाड्या आकाशाकडे पाहून ‘आज नको’ म्हणतो. त्याच्याशी वाद घालून खाली उतरणारे लोक दर वर्षी निपजतात, आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी दोर घेऊन रात्री उतरावे लागते ते त्यालाच.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा यांवरील साहसी उपक्रम करणाऱ्यांनी नोंदणी करावी, शिक्षित मार्गदर्शक ठेवावेत, सुरक्षेची साधने बाळगावीत, असा त्याचा आशय, आणि त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. प्रश्न अंमलाचा आहे. ज्या माणसाने बापाबरोबर गुरे राखताना सांदणचा प्रत्येक धोंडा पायाखाली घातला, त्याला अर्ज, शुल्क, प्रमाणपत्रे आणि विमा यांच्या फेऱ्यातून जावयाचे म्हणजे तालुक्याला चार खेपा, आणि मजुरीचे चार दिवस बुडाले. शहरातील संस्थेला हे काम एक कारकून करून देतो. परिणामी कागदोपत्री संयोजक तो, आणि दरीत दोर धरणारा हा, अशी विभागणी होऊन बसण्याचा धोका आहे. वन विभागाच्या आधिपत्याखाली गावोगावी समित्या अस्तित्वात आहेत. प्रवेशशुल्काचा काही भाग त्यांच्यामार्फत गावाकडे वळतोही. त्याच समितीच्या नावे सबंध गावाची एकत्र नोंदणी व्हावी, प्रथमोपचाराचे आणि दोराचे शिक्षण शेंडीला किंवा राजुरास येऊन द्यावे, आणि होड्यांसाठी लाइफ जॅकेटे सामाईक घ्यावीत, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. मुले शिकलेली आहेत, मुलीही आता कळसूबाईच्या शिड्यांवर पाहुण्यांच्या पुढे चालताना दिसतात. अर्ज भरणे त्यांना अवघड नाही, अर्ज कोणाकडे न्यावयाचा हे मात्र कोणी तरी नीट सांगावयास हवे.

तोवर जाणाऱ्याने आपल्यापुरती काळजी घ्यावी. होडीत पाय ठेवण्यापूर्वी जॅकेट मागावे, नसेल तर काठावरूनच पाणी पाहावे. जोराचा वारा सुटला असता होडीवाला नको म्हणाला तर हट्ट धरू नये. छत्रीच्या आकाराचा येथील प्रसिद्ध धबधबा धरणातून पाणी सोडलेले असेल तेव्हाच दिसतो, म्हणून निघण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा. काजव्यांसाठी जावयाचे असल्यास शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावेत आणि मंगळवार-बुधवार गाठावा. काजवे तेवढेच असतात. पण वाटाड्याला बोलावयास सवड असते, आणि मावशींच्या चुलीशी बसावयास जागा.